चमच्याचे श्रेय

'चमचा' हा शब्द आपल्याकडे इतका बदनाम झाला आहे की, यंदा त्याच्यावर लिहितो आहे असे सांगताच शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. तेव्हा आधीच खुलासा करतो. हा चमचा खराखुरा आहे, चांदीचा आहे. आमच्या शेजारच्या आंटींना तो लग्नात भेट मिळाला आणि तेव्हापासून त्यांच्या काचेच्या कपाटात मानाने राहतो आहे. जेवणाच्या टेबलावर तो कधी येत नाही. वर्षातून दोन-तीनदा बाहेर निघतो, तो बाटलीच्या तोंडात उभा राहण्यासाठी.

गोव्यातल्या आमच्या वाड्यावर हिंदूंची आणि ख्रिश्चनांची कुंपणे एकमेकांना लागून आहेत. चवथीला आमच्या नेवऱ्या कुंपणापलीकडे जातात, नाताळात तिकडून दोदोल आणि बेबिंका येते. त्यांच्याकडे लग्न असो, बाप्तिस्मा असो की लग्नाचा वाढदिवस असो, 'टोस्ट' झाल्याशिवाय समारंभाला पूर्णता येत नाही. कोणीतरी वडीलधारा उभा राहून चार शब्द बोलतो, सगळे ग्लास उंचावतात आणि फेसाळणारी वाईन प्यायली जाते. तिला आमच्याकडे सरसकट 'शॅम्पेन' म्हणतात. खरे तर ते नाव फ्रान्समधल्या शॅम्पेन प्रांतात तयार होणाऱ्या वाईनचे. त्याच पद्धतीची वाईन १९८०च्या दशकात पुणे जिल्ह्यात नारायणगावला होऊ लागली, पुढे नाशिकलाही. मी स्वतः घेत नाही. टोस्टच्या वेळी ग्लास ओठांना लावून खाली ठेवतो, आणि त्याबद्दल आजवर कोणी रागावलेले नाही.

दोन वर्षांपूर्वी आंटी-अंकलच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली. त्यांचा नातू जहाजावर नोकरीला असतो. प्रवासी जहाजाच्या भोजनगृहात वाईन वाढणे हेच त्याचे काम. तो रजेवर आला होता आणि बाटल्या उघडण्याचे काम साहजिकच त्याच्याकडे आले. पाहुणे गेल्यावर तीन बाटल्या निम्म्या-निम्म्या उरल्या. आंटींनी कपाट उघडून चमचा काढला, पुसला, दांडा आत आणि वाटी वर अशा रीतीने एका बाटलीच्या तोंडात अडकवला आणि मला म्हणाल्या, "कुलेर घाल्यार फेस वचना, मास्तर." चमचा घातला की फेस जात नाही. त्यांच्या आईने त्यांना हे सांगितले होते, आणि पन्नास वर्षांत एकदाही खोटे ठरले नव्हते. दुसऱ्या दिवशी ओतावी, तर बुडबुडे आहेतच.

नातू हसला. "शामाय," तो आजीला म्हणाला, "बिनचमच्याची बाटली दुसऱ्या दिवशी तू कधी पाहिलीस?"

"तशी कित्याक दवरची? इबाडपाक?" आंटी म्हणाल्या. तशी कशाला ठेवायची, नासवायला?

हे उत्तर मला नंतर फार छळणार होते, पण त्या क्षणी मीही हसलो.

त्या रात्री तीनही बाटल्या फ्रिजच्या एकाच खणात उभ्या राहिल्या. एकीत चांदीचा चमचा. दुसरी सताड उघडी. तिसरीला नातवाने आपल्या सामानातले धातूचे बूच लावले. त्याला दोन पंख असतात, ते बाटलीच्या गळ्यावरच्या कड्याखाली घट्ट अडकतात आणि आत रबर दाबून बसते. मूळ बूच पुन्हा का लावत नाही, असे मी विचारले. बाटलीतून सुटताच ते अळंबीसारखे फुगते, परत आत जात नाही, आणि दाबून बसवलेच तर रात्रीतून उडण्याची भीती असते, असे तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परीक्षा झाली. आंटी पाठ करून बसल्या. मी पंच. न पिणारा पंच डोळ्यांनी आणि कानांनी तरी निर्णय देऊ शकतो. चमच्याच्या बाटलीतून ओतले, बुडबुड्यांच्या माळा वर चढल्या. उघड्या बाटलीतून ओतले, तिथेही तशाच माळा, तितक्याच. तिसरीचे बूच काढताना मात्र 'फस्स' असा आवाज झाला आणि ग्लासात फेस दाटून वर आला. आंटींनी तिन्ही चाखून पाहिले. बुचाची कोणती ते त्यांनी लगेच ओळखले. उरलेल्या दोहोंत चमच्याची कोणती, ते त्यांना सांगता आले नाही.

मला वाटले, आंटी खट्टू होतील. त्या उठल्या, चमचा धुतला, पुसला आणि कपाटात ठेवीत म्हणाल्या की, उद्यापासून बूच लावीन. मग थोड्या वेळाने, जणू चमच्याची बाजू घेऊन, म्हणाल्या, त्या बिचाऱ्या कुलेरीचा काय दोष? ती कधी म्हणाली होती, फेस मी राखते म्हणून? म्हणत होते ते मी.

ही गोष्ट इथे संपली असती तर ती गमतीची गोष्ट ठरली असती. पण सवयीप्रमाणे मी तिच्यामागचे शास्त्र वाचायला गेलो आणि अडकलो.

या वाईनचा फेस बाहेरून भरलेला नसतो. बंद बाटलीतच साखर आणि यीस्ट यांच्याकडून दुसऱ्यांदा आंबवण घडवतात. त्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला बाहेर जायला वाट नसते, म्हणून तो द्रवात विरघळतो. बंद बाटलीतला दाब सुमारे सहा वातावरणांचा, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या अडीच-तीन पट. ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीतला सगळा वायू मोकळा केला तर तो सुमारे पाच लिटर जागा व्यापील. विल्यम हेन्री या इंग्रज रसायनज्ञाने १८०३ साली मांडलेला नियम असा की, द्रवात वायू किती विरघळून राहील ते त्या द्रवावर त्याच वायूचा दाब किती आहे यावर ठरते. बूच निघाले, दाब गेला, की वायू बाहेर पडू लागणारच. मात्र तो एकदम जात नाही. द्रव जितका थंड, तितका वायू अधिक काळ विरघळलेला राहतो. शिवाय बुडबुडा तयार व्हायला आधार लागतो. ग्लासात तो आधार पुसण्याच्या फडक्याचे किंवा धुळीतले सूक्ष्म तंतू देतात. स्वच्छ बाटलीत असे आधार थोडे. म्हणून थंड, न हलवलेली, उघडी बाटलीसुद्धा एक रात्र आपला बराच फेस आपणच राखून ठेवते.

आता चमच्याची चूक कुठे आहे ते दिसते. दुसऱ्या दिवशी फेस असतो हे आंटींचे निरीक्षण शंभर टक्के खरे होते. चुकले ते श्रेय. फेस राखला थंडाव्याने आणि मान मिळाला चमच्याला. हीच समजूत युरोपातही घरोघर आहे. १९९४ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक रिचर्ड झेअर आणि पाकशास्त्रावर लिहिणारे हॅरल्ड मॅगी यांनी ती चाखून तपासली. त्याच सुमारास खुद्द शॅम्पेन प्रांतातल्या उत्पादकांच्या संस्थेने बाटल्यांतले दाब मोजून तपासली. चमच्याचा काही उपयोग नाही, हाच दोन्हीकडचा निष्कर्ष. फ्रेंचांच्या मोजणीत दाब टिकला तो घट्ट बुचाच्या बाटल्यांत.

१९९४ हे साल वाचून मी थबकलो. त्याच वर्षी मी शाळेत रुजू झालो होतो.

एम.ए.ला माझा विषय तत्त्वज्ञान होता, जरी पुढे आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. त्या अभ्यासात न्यायशास्त्र होते, आणि त्यातला कुंभार सर्वांच्या परिचयाचा. मडके घडायला माती, कुंभार, चाक आणि चाक फिरवणारा दंड ही कारणे. माती वाहून आणणारे गाढवही मडक्याच्या आधी तिथे हजर असते, पण ते कारण नव्हे. गाढव नसते तर माती दुसऱ्या कशावरून आली असती आणि मडके झालेच असते. नैयायिक अशा गोष्टीला 'अन्यथासिद्ध' म्हणतात. आणि खरे कारण ओळखायची कसोटी दुहेरी आहे, अन्वय आणि व्यतिरेक. ते असताना कार्य होते, एवढे पाहून भागत नाही. ते नसताना काय होते, हेही पाहावे लागते. आंटींनी पन्नास वर्षे अन्वय पाहिला. नातवाने एका रात्रीत व्यतिरेक दाखवला.

हे सारे मला पाठ होते. परीक्षेत त्यावर चांगले गुणही मिळाले होते. आणि तरीही नोकरीला लागल्यावर सोळा वर्षे मी हातात छडी घेऊन वर्गात जात होतो.

त्या काळी यात कोणाला काही वावगे वाटत नसे. पालक मुलाला घेऊन येत आणि त्याच्यादेखत सांगत, "मास्तर, हाडं आमची, कातडं तुमचं." माझ्या हाताखालची मुले पास होत, काही चमकत. दर वर्षी स्नेहमेळाव्याला जुने विद्यार्थी येतात, वाकून नमस्कार करतात आणि चारचौघांत म्हणतात, "सरांच्या छडीनं आम्हांला घडवलं." मी स्मित करीत असे. नैयायिकांच्या उदाहरणातला 'दंड' मी माझ्या हातातल्या छडीत पाहत होतो आणि स्वतःला कुंभार समजत होतो. छडी गाढवाच्या जागी तर नसेल, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

चमच्याच्या परीक्षेनंतर त्याच संध्याकाळी आंटींच्या व्हरांड्यात तो नातू आणि मी, दोघेच बसलो होतो. मला सांगायला हवे की तो माझा विद्यार्थी होता. नववीत असताना मधल्या सुट्टीत पळून गेला म्हणून मी त्याला सगळ्या वर्गासमोर मारले होते. उजव्या हातावर सहा आणि डाव्या हातावर सहा. पुढच्या जूनमध्ये त्याने शाळा बदलली. शेजारी असूनही त्या विषयावर आम्ही कधी बोललो नव्हतो. त्या दिवशी मी विचारले, "शाळा का सोडलीस तेव्हा?"

"तुम्हांला ठाऊक आहे, सर," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. मग जरा थांबून म्हणाला, "त्या शाळेत कोणी मारत नव्हतं. मार्क तेवढेच पडले."

मी काही बोललो नाही. माझ्यासमोर बिनचमच्याची बाटली बसली होती.

एका मुलावरून सिद्धान्त काढू नये, हे मी जाणतो. म्हणून दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन दहावीच्या निकालांच्या वह्या काढल्या. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला आणि त्याच्या सतराव्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा करणे आणि मानसिक त्रास देणे या दोन्हींवर बंदी आली. त्या वर्षी मी छडी ठेवून दिली. पटली म्हणून नव्हे, कायदा आला म्हणून. मनात मात्र म्हणत होतो की आता निकाल घसरणार. वह्यांत पाहिले, तर निकाल एका वर्षी थोडा खाली, पुढच्या वर्षी थोडा वर, २०१०च्या आधी जसा हलत होता तसाच नंतरही. म्हणजे बिनचमच्याच्या बाटल्यांची रांगच्या रांग माझ्याच कपाटात इतकी वर्षे उभी होती आणि मी कपाट उघडले नव्हते. 'तशी कशाला ठेवायची, नासवायला?' असे आंटी म्हणाल्या, तेच माझेही उत्तर होते.

कोणी म्हणेल, समजूत खोटी असली तरी चमच्याने काय बिघडते? दोन गोष्टी बिघडतात. पहिली ही की, चमचा आहे म्हटल्यावर बूच शोधायला कोणी जात नाही. आंटींच्या घरातली शॅम्पेन पन्नास वर्षे दुसऱ्या दिवशी निम्म्या फेसाची प्यायली गेली, आणि ती तशीच असते असे सगळ्यांना वाटत राहिले. मुलाला खरोखर काय आधार देते, हे मीसुद्धा सोळा वर्षे शोधले नाही. वाचायला बसवणारी आई, शेजारच्या बाकावरचा मित्र, पोटभर जेवण, एखाद्या विषयाची लागलेली गोडी, हे सारे छडीच्या आड झाकून गेले होते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. चमचा बाटलीला इजा करीत नाही. माझ्या छडीबद्दल तसे म्हणता येणार नाही.

मग जुने विद्यार्थी छडीला श्रेय का देतात? ते खोटे बोलत नाहीत. माझ्या समजुतीप्रमाणे कारण असे की, ती निष्फळ होती असे मानले तर सोसलेले दुःख फुकट गेले असे होते, आणि ते मानणे मारापेक्षा जड आहे. म्हणून मनुष्य आपल्या वेदनेला काहीतरी मोल लावून घेतो. त्यातून आणखी एक घडते. तोच विद्यार्थी घरी जाऊन आपल्या मुलावर हात उगारतो आणि म्हणतो, आम्हीही खाल्ला, आमचे काय वाईट झाले? शिवाय स्नेहमेळाव्याला येतात कोण? ज्यांचे बरे झाले ते. ज्यांनी शाळा सोडली, ज्यांचा शिकण्यातला जीवच गेला, ते वाकून नमस्कार करायला येत नाहीत. आम्ही शिक्षक चमच्याच्याच बाटल्या मोजतो.

आपल्यासारख्या द्विभाषिक मुलखातल्या मंडळींनी हाच प्रश्न आणखी एका ठिकाणी विचारून पाहावा, असे मला वाटते. दर वर्षी २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो. मी त्यात आवेशाने भाषण करतो, हार घेतो, आणि आपली मराठी टिकून आहे याचे थोडे श्रेय मनातल्या मनात त्या भाषणाला देतो. पण ज्या घरांतून अशा समारंभाला कधी कोणी आले नाही आणि तरीही जिथे नातवंडे आजीशी मराठीत भांडतात, ती घरे मी पाहिली आहेत. आणि भाषणाला पहिल्या रांगेत बसून बाहेर पडताच मुलांशी इंग्रजीत बोलणारी घरेही. समारंभ बंद करा असे मी म्हणत नाही. चांदीचा चमचा कपाटात शोभतोच. फक्त भाषा कशाने टिकली, याचा हिशेब करताना बूच कोणते आणि चमचा कोणता हे ओळखावे. हा दिवाळी अंक त्यांपैकी काय, ते वाचकांनी आपापल्या घरापुरते ठरवावे.

गेल्या वर्षीच्या मेळाव्यात एक विद्यार्थी, आता सरकारी अधिकारी आहे, नेहमीप्रमाणे म्हणाला, "सर, तुमच्या छडीमुळे." मी म्हणालो, "छडीमुळे नाही रे. तुझी आई पहाटे चारला उठून तुला उठवायची आणि समोर बसून राहायची, त्यामुळे. मी मारलं ते चुकलं." सगळे हसले. सरांचा विनय आहे असे त्यांना वाटले. मीही पुढे ताणले नाही. चारचौघांत कोणाच्या कपाटातला चमचा हिसकावून घेता येत नाही. पण माझ्यापुरते मी ते श्रेय घेणे बंद केले आहे, आणि विचारले तर कारण सांगतो.

राहिला तो नातू. व्हरांड्यातल्या त्या संध्याकाळी मी त्याची माफी मागितली नाही. सुचली नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. धीर झाला नाही. जानेवारीत तो जहाजावर परत गेला. त्यानंतर एका रात्री मी त्याला मोबाइलवर चार ओळी लिहिल्या. दोन्ही हातांवरच्या बारा छड्यांचा उल्लेख केला, कारण आकडा मला आठवतो हे त्याला कळावे असे वाटले. दोन दिवस उत्तर नव्हते. तिसऱ्या दिवशी आले ते असे: "ठीक आहे, सर. शामाय बूच लावते का, तेवढं पाहा."

गेल्या नाताळात दोदोल घ्यायला गेलो तेव्हा आंटींनीच मला फ्रिज उघडून दाखवला. आदल्या रात्रीची बाटली उभी होती. तिच्यावर नातवाने ठेवून दिलेले धातूचे बूच घट्ट बसवलेले होते. आणि बाटलीच्या शेजारी, त्याच खणात, पुसून स्वच्छ केलेला चांदीचा चमचा आडवा ठेवला होता.

मी आंटींकडे पाहिले. त्यांनी फ्रिज लावून घेतला.